स्पेलिंगचे सोवळे

सणासुदीला भांडण उकरून काढू नये, हे मला कळते. पण ज्या गोष्टीशी मला भांडायचे आहे ती नेमकी ह्याच दिवसांत घरोघर डोके वर काढते, त्याला मी काय करू? पाहुणे येतात, फराळाची ताटे मांडली जातात, गप्पांना रंग चढतो, आणि मग कोणी काका किंवा मावशी कोपऱ्यात फुलबाज्या मोजत बसलेल्या पोराला पुढे ओढून विचारतात, "कितवीत रे तू? तिसरीत ना? मग ‘एलिफंट’चे स्पेलिंग सांग पाहू!" पोराने ते धडधड म्हणून दाखवले, तर पाठीवर थाप पडते, हातावर करंजी पडते, आणि "हुशार आहे हो" असा निकाल तिथल्या तिथे लागतो. पोर अडखळले, की त्याची आई कानकोंडी होऊन स्वयंपाकघरात निघून जाते. त्या मुलाला उडत्या पाखराची जात लांबून ओळखता येत असेल, वाण्याकडून उरलेले पैसे तो बिनचूक मोजून आणत असेल. ते कोणी विचारीत नाही. हुशारी मोजायचे माप आपल्याकडे एकच, स्पेलिंग.

माझे भांडण ह्या मापाशी आहे. इंग्रजीशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण असे काही लिहिले की दोन प्रकारची माणसे धावून येतात. एक म्हणतात, "वा! घाला ही परकी भाषा खड्ड्यात!" ह्यांची नातवंडे बहुधा इंग्रजी शाळेत असतात. दुसरे म्हणतात, "मास्तर, तुम्हाला गोरगरिबांच्या मुलांना इंग्रजीपासून दूर ठेवायचे आहे." मला तसले काही करायचे नाही. मी शाळेत मुलांना शिकवतो. त्यांना इंग्रजी यावे, भरपूर यावे, आणि त्यांनी ते न भिता बोलावे अशीच माझी धडपड आहे. आणि म्हणूनच मी म्हणतो, की इंग्रजी स्पेलिंग म्हणजे पाच-सहाशे वर्षांच्या अपघातांचा, चुकांचा आणि फॅशनांचा ढीग आहे. खुद्द इंग्रजांना हे ठाऊक आहे. ते त्या ढिगावर बसून हसतात, त्यातून कोडी काढतात, खेळ मांडतात. आपण मात्र त्या ढिगाला शेंदूर फासला आणि सोवळे पाळू लागलो. अक्षर इकडचे तिकडे झाले, की मूल ओवळे!

इंग्रजी लिहिण्याची रीत कुणा ऋषीने ध्यानस्थ बसून रचलेली नाही. तिला पाणिनी भेटला नाही. तिला भेटले ते छापखानेवाले आणि अर्धवट लॅटिन पंडित. विल्यम कॅक्स्टन ह्या गृहस्थाने १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडातला पहिला छापखाना काढला. त्याआधी त्याची बरीच वर्षे फ्लँडर्समधल्या ब्रूज शहरात गेली होती. ‘घोस्ट’ म्हणजे भूत; ह्या शब्दात पूर्वी ‘एच’ नव्हता. फ्लेमिश भाषेतल्या लिहिण्याच्या सवयीने तो कॅक्स्टनच्या छापखान्यातून इंग्रजीत शिरला, असे अभ्यासक मानतात. पाचशे वर्षे झाली, पण त्या भुताच्या मानगुटीवर बसलेला हा ‘एच’ अजून कोणी उतरवलेला नाही. आणि तो विसरला म्हणून आपल्या गावातल्या पोराचा अर्धा गुण जातो.

पंडितांची करणी तर याहून मासलेवाईक. ‘डेट’ म्हणजे कर्ज. हा शब्द फ्रेंचांकडून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता, लोक तो लिहीतही नव्हते. पुढे विद्वानांना आठवले, की याचे मूळ लॅटिनमध्ये ‘डेबितुम्’ असे आहे. झाले! आपली विद्वत्ता दिसावी म्हणून त्यांनी मध्ये एक ‘बी’ ठोकून दिला. म्हणायचा नाही, नुसता दाखवायचा. लग्नात उसने आणलेले दागिने असतात तसा. ‘डाउट’मधला ‘बी’ आणि ‘रिसीट’मधला ‘पी’ ह्याच वाटेने आले. ‘आयलंड’ ह्या शब्दाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, लॅटिनशी त्याचा संबंध नाही. पण ‘आइल’ ह्या फ्रेंच वळणाच्या दुसऱ्या शब्दाशी त्याचे नाते आहे अशी कुणाची तरी समजूत झाली, आणि त्या शब्दातला ‘एस’ ह्याच्या पोटात कोंबला गेला. म्हणजे उघड उघड चूक! चूक करणारे विद्वान ठरले, आणि ती चूक जसीच्या तशी न करणारे आपले पोर ‘ढ’ ठरले.

आणखी एक मोठे कारण आहे. छापखान्याने लिहिणे गोठवले. बोलणे मात्र गोठले नाही. साधारण १४०० ते १७०० ह्या तीन शतकांत इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांनी आपल्या जागा सोडल्या आणि सगळे एकेक पायरी वर सरकले. ‘एन-ए-एम-ई’ हा शब्द चौदाव्या शतकातला कवी चॉसर जवळजवळ आपल्या ‘नाम’सारखाच उच्चारीत असणार. तेव्हा त्यातला ‘ए’ खरोखरीच ‘आ’ होता. उच्चार पुढे गेला, पाटी जुनीच राहिली. दुकान बदलले, पण वरचा फलक रंगवायचा राहून गेला, एवढाच ह्या गूढ विद्येचा अर्थ.

ह्या गोंधळाची इंग्रजांनी काय संभावना केली तेही पाहा. ‘जी-एच-ओ-टी-आय’ हा शब्द कसा वाचाल? घोटी? नाशिकहून मुंबईला जाताना लागणारे? नव्हे. उत्तर आहे ‘फिश’, म्हणजे मासा. कारण ‘एनफ’मध्ये ‘जीएच’चा ‘फ’ होतो, ‘विमेन’मध्ये ‘ओ’चा ‘इ’ होतो, आणि ‘नेशन’मध्ये ‘टीआय’चा ‘श’. हे कोडे बर्नार्ड शॉच्या नावावर खपवतात. पण शॉ जन्मण्याच्या आदल्या वर्षी, १८५५ साली, चार्ल्स ऑलिअर नावाच्या प्रकाशकाने लेखक ली हंट ह्याला लिहिलेल्या पत्रात ते आलेले आहे, आणि तिथे त्याने ते आपल्या मुलाच्या नावावर दिले आहे. आता काटेकोरपणे बघितले तर ह्या थट्टेत थोडी लबाडी आहे. शब्दाच्या आरंभी ‘जीएच’चा ‘फ’ कधीच होत नाही. पण थट्टा आहे ती. आणि ती घरच्याच माणसाने केलेली आहे, हे महत्त्वाचे. ‘ओ-यू-जी-एच’ ही चार अक्षरे घ्या. टफ, कॉफ, दो, थ्रू, बाउ: पाच शब्दांत त्यांचे पाच उच्चार. दशावतारातही इतक्या झटपट सोंगे बदलत नाहीत.

एक गंमत तर आपल्याच अंगणातली आहे. ‘मंगूस’ हा इंग्रजी शब्द आपल्या मुंगसावरून गेलेला. सतराव्या शतकात तो इंग्रजांनी उचलला. आता ‘गूस’ म्हणजे हंसाच्या जातीचा पक्षी, त्याचे अनेकवचन ‘गीस’. मग दोन मुंगसे म्हणजे ‘मंगीस’ काय? इंग्रजांत एक जुना विनोद सांगतात. एका माणसाला दोन मुंगसे मागवायची होती. त्याने पत्रात ‘मंगीस’ लिहिले, खोडले. ‘मंगूसेस’ लिहिले, तेही त्याला पटेना. शेवटी त्याने लिहिले, ‘एक मंगूस पाठवा, आणि ताजा कलम: त्याच्याबरोबर आणखी एक पाठवा.’ खरे उत्तर ‘मंगूसेस’ हेच. कारण ‘गूस’चे ‘गीस’ करणारा जुना उच्चारनियम केव्हाच मरून गेला होता, आणि आपले मुंगूस त्यानंतर तिकडे पोचले. हा विनोद मी मुलांना सांगतो तेव्हा ती पोट धरून हसतात. हसता हसता अनेकवचन त्यांच्या लक्षात राहते. बोंबलाला साहेबाने ‘बॉम्बे डक’ म्हटले, हे सांगितल्यावर तर कोकणातल्या पाहुण्या पोरांना हसू आवरत नाही.

शब्दांशी खेळणे हा माणसाचा स्वभावच आहे. इंग्रजांनाच त्याचा मक्ता नाही. आपल्या मोरोपंतांनी ओठाला ओठ न लागता म्हणता येईल असे निरोष्ठ रामायण रचले. गोदावरीकाठच्या पार्थपूरच्या दैवज्ञ सूर्य पंडिताने संस्कृतात असे काव्य केले, की सरळ वाचले तर रामाची कथा आणि उलट वाचले तर कृष्णाची. पण निरोष्ठ ओव्या येत नाहीत म्हणून कुणी कुणाला पाठशाळेतून हाकलले, असे मी कधी ऐकले नाही. खेळ खेळाच्या जागी होता.

खेळातही दोन जाती असतात. ऑक्सफर्डला गणित शिकवणारा लुइस कॅरल ह्याने एक खेळ काढला, तो १८७९ साली ‘व्हॅनिटी फेअर’ ह्या साप्ताहिकात येऊ लागला. एक शब्द द्यायचा. एका वेळी एकच अक्षर बदलून, प्रत्येक पायरीला खरा शब्द ठेवून, दुसऱ्या शब्दापर्यंत जायचे. मांजराचा कुत्रा करा पाहू! सी-ए-टी. मधला ‘ए’ काढून ‘ओ’ घाला, ‘कॉट’ झाली, म्हणजे खाट. ‘टी’च्या जागी ‘जी’ घाला, ‘कॉग’ झाले, म्हणजे चाकाचा दाता. ‘सी’चा ‘डी’ करा, ‘डॉग’ आला. तीन उड्या. हे कोडे डोके चालवून सुटते. ज्याला सुटत नाही त्यालाही उत्तर ऐकल्यावर पटते. हे झाले खरे कोडे.

दुसरी जात आमच्या मुंबईने पाहिली आहे. शब्दकोडे हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. लिव्हरपूलहून तिकडे गेलेल्या आर्थर विनने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ ह्या पत्रात पहिले कोडे छापले. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२४ साली ह्या अमेरिकन वेडाची टर उडवली, आणि १९३० साली स्वतःच शब्दकोडे सुरू केले! पण आपल्याकडे ते आले आणि त्याला बक्षिसाचे शेपूट जोडले गेले. चौकटीत एक अक्षर मोकळे, आणि सूचना अशी की दोन शब्द सारखेच बसावेत. समजा, सूचना आहे ‘म्हातारपणी माणसाला ह्याचाच आधार’. शब्द ‘होप’ म्हणजे आशा, की ‘होम’ म्हणजे घर? दोन्ही बरोबर. विचार करून काय कळणार? ज्याचे उत्तर संपादकाने आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी जुळेल, त्याला पैसे. माणसे आपल्या इंग्रजीच्या ज्ञानावर भरवसा ठेवून प्रवेशपत्रिकांवर प्रवेशपत्रिका भरीत होती. शेवटी १९५५ साली अशा बक्षीस-स्पर्धांना आळा घालणारा केंद्राचा कायदा झाला. आणि मुंबई राज्याच्या कायद्यावरून चाललेल्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली निर्णय दिला, की हे कौशल्य नव्हे, हा जुगार आहे.

आता मला सांगा, तिसरीतल्या मुलाला आपण जे विचारतो ते ह्या दोहोंपैकी कोणत्या जातीचे? ‘नाइट’ म्हणजे रात्र, आणि ‘नाइट’ म्हणजे सरदार. उच्चार एक. एकाला आधी ‘के’ लावायचा, दुसऱ्याला नाही. मुलाने कितीही डोके चालवले तरी त्या ‘के’पर्यंत ते पोचणार कसे? उत्तर पाकिटात बंद आहे. पाकीट ज्याने आधी पाहिले तो हुशार! आणि आधी कोण पाहतो? ज्याच्या घरात इंग्रजी पुस्तके आहेत, ज्याची आई झोपताना इंग्रजी गोष्ट वाचून दाखवते, तो. म्हणजे आपण बुद्धी मोजतो असे म्हणतो, आणि मोजतो मात्र बापाचे कपाट.

माझ्या वर्गात गेल्या काही वर्षांत दुसऱ्या शाळेतून आलेली एक मुलगी होती. तिच्या जुन्या वहीत ‘नाइफ’ म्हणजे सुरी, हा एक शब्द पानेच्या पाने भरून लिहिलेला होता. चुकल्याची शिक्षा. मी मोजले नाही, पण दोनशे वेळा तरी असेल. आणि मी फळ्यावर तोंडी शब्द घातला तेव्हा तिने पुन्हा ‘के’ वगळलाच. मग माझ्याकडे न बघता तिने विचारले, "सर, म्हणायचा नाही तर लिहायचा कशाला?"

वाचकहो, त्या दोनशे ओळींपेक्षा हा एक प्रश्न मोठा होता. भाषेचा अभ्यास सुरू होतो तो अशाच प्रश्नापासून. आणि ह्या प्रश्नाला उत्तर आहे. ते द्यायला भाषापंडित असावे लागत नाही. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते, पण कोणताही चांगला इंग्रजी शब्दकोश हे उत्तर सांगतो. तो ‘के’ पूर्वी म्हणत असत. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज ‘क्नीफ’ असे म्हणे. सतराव्या शतकाच्या सुमारास ‘न’च्या मागचा ‘क’ बोलण्यातून गेला, कागदावर राहिला. मी वर्गात म्हटले, "आजोबा जाऊन चाळीस वर्षे झाली, तरी सातबाऱ्यावर त्यांचे नाव असते की नाही? तसा हा ‘के’." शेतकऱ्यांची पोरे ती. त्यांना एका क्षणात कळले. वारसनोंद लावायची राहिली, म्हणून एकजण ओरडलाही!

पुढे तर खरी दिवाळी आहे. ‘नो’ म्हणजे जाणणे. त्यातही असाच मुका ‘के’. तो ‘क-न’ आणि आपल्या ‘ज्ञान’मधला ‘ज्ञ’ ही एकाच घरची भावंडे. ‘नी’ म्हणजे गुडघा, संस्कृतात ‘जानु’. तिथला ‘के’ आणि ‘जानु’चा ‘ज’ पुन्हा सख्खे. ‘डॉटर’मध्ये न बोलणारा ‘जीएच’ येतो ना? तो संस्कृत ‘दुहितृ’मधल्या ‘ह’चा सगा आहे. आणि ‘नाइट’ म्हणजे रात्र, त्यातला ‘जीएच’ ‘नक्तम्’मधल्या ‘क’चा. इंग्रजी आणि संस्कृत हजारो वर्षांपूर्वी एका कुटुंबातून निघाल्या. वाटेत एकीचे उच्चार पुसले गेले, खुणा उरल्या. आता हे मुके अक्षर मुलाला शत्रू वाटेल, की हरवलेल्या मावशीचे पत्र वाटेल? त्या मुलीने त्या दिवसानंतर ‘के’ वगळल्याचे मला आठवत नाही. पण तेही सोडा. वगळला असता तरी माझे म्हणणे तेच राहिले असते.

इथे कोणी तरी हात वर करणार, हे मी जाणतो. "मास्तर, तुमच्या मराठीत काय कमी आहे? ऱ्हस्व-दीर्घाने आम्हाला जन्मभर छळले!" खरे आहे. ‘ज्ञ’चेच पाहा ना. लिहिताना त्यात ‘ज’ आणि ‘ञ’, आणि आपण म्हणतो ‘द्न्य’. ‘चमचा’ ह्या एका शब्दात ‘च’ दोनदा येतो आणि दोन्ही वेळा निराळा वाजतो. आपल्या घरात केर नाही, असे मी म्हणत नाही. पण आपण केरसुणी हाती घेतली होती, हे तरी आठवा. जुन्या पुस्तकांत न बोलल्या जाणाऱ्या अनुस्वारांचा सडा असे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे नियम ठरवले, शासनाने ते मान्य केले, आणि हे मुके अनुस्वार कागदावरून उतरले. त्या वेळी पुष्कळांनी कपाळाला हात लावला. पण आभाळ कोसळले नाही, ज्ञानेश्वरी कोणाला परकी झाली नाही.

हेच काम इंग्रजांना जमले नाही. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८ च्या आपल्या कोशात ‘कलर’मधला ‘यू’ काढला, इतपत छाटणी केली. पुढे १९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी तीनशे शब्दांची सोपी स्पेलिंगे सरकारी छापखान्याला लागू केली, तर वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टवाळी केली आणि काँग्रेसने तो बेत हाणून पाडला. इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये मॉन्ट फॉलिक ह्या मजूरपक्षीय सभासदाने स्पेलिंग सुधारण्याचे बिल आणले. १९४९ साली ते पडले, तेही अवघ्या तीन मतांनी: ८४ विरुद्ध ८७. ती तीन मते इकडची तिकडे झाली असती तर निदान सुधारणेच्या कामाला हात तरी लागला असता. ज्याला आपण त्रिकालाबाधित सत्य समजून मुलांचे कान पिळतो, ते तिथे तीन मतांवर तगून आहे!

ह्याची किंमत त्यांचीही मुले मोजतात. इंग्रजी आणि इतर बारा युरोपीय लिप्यांत मुले वाचायला कशी शिकतात, ह्याचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. ऐकावे तसे लिहिणाऱ्या भाषांतल्या मुलांच्या मानाने इंग्रजी वाचणाऱ्या मुलांना पहिले वाचन साधायला दुपटीहून जास्त वेळ लागतो, असे त्यात आढळले. ही मुले घरी, अंगणात, आईच्या कुशीत इंग्रजी बोलणारी. मग ज्याच्या कानावर इंग्रजी फक्त शाळेच्या घंटेपासून घंटेपर्यंत पडते, त्याची गत काय? महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आले. ते यायलाच हवे होते. पण भाषा येण्याआधी तिचे स्पेलिंग आले; नवरी यायच्या आधी मानपानाची यादी यावी तसे.

अमेरिकेत १९२५ पासून स्पेलिंगची राष्ट्रीय स्पर्धा भरते. २०१९ साली तिथे आठ मुले एकदम विजयी ठरली आणि त्यांतली सात भारतीय वंशाची होती. आपल्याकडे केवढा आनंद झाला! मुलांचे कष्ट मोठे. त्यांचे कौतुक व्हावे, मीही करतो. परंतु ज्या भाषेत ऐकले तसे लिहितात तिथे असली स्पर्धा भरवण्यात काही राम उरत नाही, हेही कधी मनात यावे. ही स्पर्धा भाषेच्या श्रीमंतीची नसून तिच्या अडगळीच्या खोलीतली आहे. त्या खोलीत आपली मुले पहिली आली, ठीक आहे. तेवढ्यावरून गावोगावी क्लास निघावेत, फिया उकळाव्यात आणि सहा वर्षांच्या पोरांनी अर्थ ठाऊक नसलेल्या शब्दांची अक्षरे घोकावीत, हे कशासाठी?

"पण मास्तर, जग तर स्पेलिंग पाहूनच पारख करते. अर्जात चूक झाली तर नोकरी जाईल." हा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेत नाही. जग तसे आहे. म्हणून स्पेलिंग शिकवायचे नाही, असे मी म्हणतच नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावे, तसा तो एक पाळायचा संकेत आहे; शिकावा, पाळावा. पण डाव्या बाजूने चालणाऱ्याला कोणी बुद्धिमान म्हणत नाही. आणि आता तर हातातला फोनच चुकलेले अक्षर सावरून देतो. अर्जातले स्पेलिंग यंत्र सुधारील. अर्जात लिहायला चार वाक्ये सुचणार नाहीत, त्याला यंत्राचा इलाज नाही. स्वतःचे सांगण्यासारखे मनात असणे हे माणसाचेच काम. ती वाक्ये ज्या मुलाच्या तोंडी येऊ पाहत होती, त्याला आपण पहिल्याच शब्दावर अडवले: थांब, ‘बिकॉज’चे स्पेलिंग सांग!

माझे मागणे फार नाही. विज्ञानाच्या पेपरात मुलाने पानाचा श्वास नीट समजावून सांगितला असेल आणि ‘लीफ’मधला ‘ए’ गाळला असेल, तर त्याचा गुण कापू नये. भाषेच्या तासाला ती चूक दाखवावी. पहिली दोन-तीन वर्षे कॅट, पेन, लिप असले वचनाला जागणारे शब्द लिहू द्यावेत, आणि बाकीचे नुसते बोलू द्यावेत. वाकडे शब्द येतील तेव्हा त्यांच्यासकट त्यांची गोष्ट यावी. शिक्षेच्या ओळी तर कायमच्या बंद व्हाव्यात. कुठलीही भाषा दोनशे वेळा लिहून कोणाला आवडलेली नाही.

आणि एक. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने प्रवेशासाठी मुलांची किंवा आईबापांची परीक्षा घ्यायला मनाई केली आहे. तरी ‘नुसत्या गप्पा’ ह्या नावाखाली ती चालते. आमच्या ओळखीतल्या एका बापाने सांगितले, त्याच्या साडेपाच वर्षांच्या मुलाला अशाच गप्पांत ‘नाइफ’चे स्पेलिंग विचारले गेले. मुलगा गप्प बसला. बापही मान खाली घालून बसला. त्याला स्वतःला ते येत नव्हते. मी त्याला आता ‘के’ची सगळी हकीकत सांगून ठेवली आहे. धाकटीच्या वेळी तो तिथे जाणार आहे. तोच प्रश्न निघाला तर त्याने नम्रपणे एवढेच विचारायचे ठरवले आहे, "बाई, सांगते ती. पण त्यातला ‘के’ गप्प का बसतो, ते तेवढे आधी तिला सांगता का?" काय उत्तर येते, ते तो मला येऊन सांगणार आहे.